तिसरा आग्रह

रसेल टॉफ्टनं आत येण्याआधी बूट काढले होते, ही गोष्ट पुढे कोर्टात फार मोठी ठरली. सिग्नीला मात्र त्या दिवशी दिसले ते त्याचे मोजे. करड्या लोकरीचे, अंगठ्यापाशी रफू केलेले. शेरीफच्या खात्यातला माणूस, कमरेला पिस्तूल, आणि पायांत बायकोनं रफू केलेले मोजे. त्याच्याकडे बघून कुणाला भीती वाटली नसती. सिग्नीला भीती होती ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे पडलं होतं त्याची.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर तिच्या वडिलांची बंदूक होती.

तसं पाहिलं तर नोव्हेंबरात त्या जिल्ह्यातल्या कुठल्या टेबलावर बंदूक नसते? उत्तर मिनेसोटाचा तो भाग. हरणांचा हंगाम उघडला की पोरं शाळा बुडवतात आणि मास्तर हजेरी घेत नाहीत, कारण मास्तरही जंगलात असतात. पण सिग्नीच्या नवऱ्याला, लोवेलला, बंदुकीला हात लावायची बंदी होती. एकोणिसाव्या वर्षी त्यानं मित्रांबरोबर तळ्याकाठची एक उन्हाळी केबिन फोडली होती. मिळालं काय, तर बिअरचा खोका आणि एक रेडिओ. तुरुंग टळला, पण कायद्याच्या लेखी घरफोडी ती घरफोडीच. ती नावाला चिकटली, आणि तिच्यामागून बंदी आली. बंदूक बाळगताना सापडला तर पाच वर्षं. न्यायाधीशाला वाटलं म्हणून त्यात एक दिवस कमी करता येणार नाही, असं कायदाच सांगत होता.

लोवेलनं ते पाळलं होतं. दर हंगामात तो शिकाऱ्यांचा नारिंगी कोट घालून सासऱ्याबरोबर जंगलात जायचा, पण हातात जेवणाचा डबा आणि थर्मास. गावातले लोक चेष्टा करायचे. "काय लोवेल, यंदा हरणाला सँडविच फेकून मारणार का?" तो म्हणायचा, "मागच्या वर्षी नेम थोडक्यात चुकला."

उन्हाळ्यात सिग्नीच्या वडिलांना, आर्विडना, अर्धांगाचा झटका आला. चालू लागले, बोलू लागले, पण उजव्या हाताला कंप राहिला. त्यांनी जावयाकडे काही मागितलं नाही. त्या मुलखात कुणी काही मागत नाही. ते एवढंच म्हणाले, "यंदा बहुतेक घरीच बसेन. दुर्बीण सरकलीये बंदुकीची. राहू दे झालं." लोवेलनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणा इकडे, बघतो."

सिग्नी म्हणाली होती, "नको." एकदाच म्हणाली होती. वडिलांच्या हाताकडे बघून पुन्हा म्हणाली नव्हती.

तशी ती घाबरटच. दोन वर्षं दुलुथला कॉलेजात काढलेली, चार पुस्तकं वाचलेली, पण मुलगी, इंगा, झाल्यापासून तिचे कान सशाचे झाले होते. पोरीचा श्वास, घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर, रस्त्यावरून वळणारी गाडी, सगळं तिला ऐकू यायचं. शेरीफची गाडी वळली तीही तिनं ऐकली. लोवेल मागच्या लाकडाच्या शेडमध्ये होता. बंदूक उचलून लपवावी, तर कडेवर पोर. आणि दाराला काच होती; टेबल तिच्यातून दिसत नव्हतं, पण सिग्नी तिकडे धावलेली दिसली असती. रसेलनं काचेतून हात हलवलासुद्धा.

तिनं दार अर्धं उघडलं आणि ते आपल्या अंगानं भरून टाकलं.

"थंडी बरी आहे," रसेल म्हणाला. त्याचे कान बिटासारखे लाल झाले होते.

"बरी आहे. वारा नाही ते बरं."

"हो. वारा असता तर जाणवली असती." त्यानं इंगाच्या नाकाला बोट लावलं. "मोठी झाली की ही. लोवेल आहे का? काही नाही, तळ्यावरच्या केबिनी फुटल्यात परत. शनिवारी कोण कुठं होतं, एवढं विचारत फिरतोय."

म्हणजे अकरा वर्षांपूर्वीचा तो रेडिओ अजून वाजत होता. सिग्नीला ते समजलं. रसेललाही ते समजल्याचं कळलं असावं, कारण त्यानं नजर पायांकडे नेली. इंगा झाली तेव्हा ह्याच रसेलची बायको बटाट्याचं गरम भांडं घेऊन आली होती. चर्चमध्ये तो त्यांच्या मागच्याच बाकावर बसायचा.

"शनिवारी घरीच होता तो," ती म्हणाली. "कॉफी घेणार?"

हे तिच्या तोंडून आपोआप निघालं. दारात माणूस आला की कॉफी विचारायची, हे त्या मुलखात श्वासासारखं आहे. आणि समोरच्यानं नको म्हणायचं, हेही.

"नको नको. निघायचंय मला."

"आत्ताच केलीये."

"कशाला त्रास घेतेस."

इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. पहिला आग्रह माणुसकीचा, दुसरा ओळखीचा. तिसऱ्यानंतर खरं काय ते ठरतं. दोनदा विचारून कुणी थांबत नाही. दोनदा विचारून थांबणं म्हणजे दार तोंडावर आपटणं. सिग्नीच्या आईनं हयातीत एकदाच, एका शेजारणीला, तसं केलं होतं, आणि त्या बाईचं घराणं अजून ह्यांच्याशी बोलत नव्हतं.

सिग्नी थांबली असती, तर रसेलनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं असतं. आर्विडची मुलगी, कडाक्याच्या थंडीत, दोनदाच विचारते? आत काय आहे? हे तिला लख्ख दिसलं. आणि तिला हेही माहीत होतं की कामावरचा पोलीस तिसऱ्यांदाही नाही म्हणतो. "पुढच्या वेळी नक्की," म्हणतो आणि जातो. आजवर सगळे तसेच गेले होते.

म्हणून ती हसली आणि म्हणाली, "अहो, हात तरी शेकून घ्या. अर्धा कप."

रसेलनं गाडीकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

"बरं, अर्धाच हं," तो म्हणाला आणि बूट काढायला वाकला.

टेबलापाशी तो नुसता उभा राहिला. लोवेल शेडमधून लाकडं घेऊन आला तेव्हा रसेलच्या हातात कप तसाच होता.

"लोवेल," तो म्हणाला, "मी हे पाहिलं नसतं तर फार बरं झालं असतं."

"मग पाहू नका," सिग्नी म्हणाली.

"आता पाहिलं गं."

त्यानं कप मोरीत ठेवला, पाणी घालून विसळला, आणि लोवेलला म्हणाला, "कोट घालून घे. गाडीत गारठा आहे."

* * *

जामिनावर लोवेल घरी आला. सरकारनं दिलेली वकील शिकागोकडची होती, पॉला डेव्हिट नावाची. बारीक, भरभर बोलणारी. सिग्नीच्या स्वयंपाकघरात बसून तिनं पहिल्याच आग्रहाला कॉफी घेतली, तेव्हा आर्विड म्हातारा चमकून तिच्याकडे बघत राहिला.

"हे बघा," पॉला म्हणाली, "आपल्याकडे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे तुमचा उंबरा. न्यायाधीशाच्या सहीचा कागद असल्याशिवाय सरकारला तो ओलांडता येत नाही. गव्हर्नर आला तरी नाही. अख्ख्या कायद्यात ह्याच्याइतकी जाड रेघ दुसरी नाही. तो बेकायदा आत आला असं ठरलं, तर त्यानं जे पाहिलं ते पाहिलंच नाही असं धरायचं. बंदूक गेली, खटला गेला."

"आणि आम्हीच बोलावलं असेल तर?" आर्विडनी विचारलं.

"तर रेघ पुसली. तुमच्या हातानं."

"दुसरी वाट?"

"बंदूक तुमची आहे. तुम्ही आणलीत, तुम्ही विसरून गेलात. लोवेलनं तिला हात लावल्याचं कुणी पाहिलेलं नाही."

"हे अर्धं खरं आहे," आर्विड म्हणाले.

"कोर्टात अर्ध्यावर पुष्कळ भागतं." पॉला सिग्नीकडे वळली. "आता तू सांग. काय शब्द होते?"

सिग्नीनं सांगितलं. पॉलानं लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"तीनदा? तो नको म्हणत असताना तू तीनदा बोलावलंस?"

"बोलावलं नाही. विचारलं."

"फरक काय?"

सिग्नीला तो सांगता येईना. आर्विड म्हणाले, "हिच्या आईनं तर विमा विकणाऱ्यालासुद्धा तीनदा विचारलं असतं. आणि तो आत आला असता तर महिनाभर त्याला शिव्या घातल्या असत्या."

पॉला हसली नाही. "टॉफ्टकडे टेप नाही," ती हळू म्हणाली. "साक्षीदार नाही. त्याचा शब्द आणि तुझा शब्द. काय बोल हे मी तुला सांगू शकत नाही, आणि सांगणार नाही. जेवढं विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे, म्हणजे झालं."

ती गेल्यावर लोवेल लाकडं फोडायला बाहेर गेला. गरज नसताना त्यानं ढीगभर फोडली. सिग्नी पोरीला गुंडाळून बाहेर गेली, तेव्हा कुऱ्हाड ओंडक्यात तशीच रुतवून तो म्हणाला, "इंगा रडत होती ना तेव्हा?"

"नव्हती रडत."

"रडत असेल. पोर रडत असलं की माणूस काय बोलला, ते नीट आठवत नाही."

तो तिच्याकडे बघत नव्हता. सिग्नीला कळलं. मागण्याची ह्याच्यापुढची रीत त्याला येत नव्हती.

ती "बघू" म्हणाली, आणि त्यानंतर त्या दोघांनी हा विषय काढला नाही. रात्री पोर मध्ये घेऊन झोपायची ती आणि मनातल्या मनात वाक्य म्हणून बघायची: मी एकदाच विचारलं आणि तो सरळ आत आला. लहानसं वाक्य होतं. कुणाचं वाईट चिंतणारंही नव्हतं. केबिनी फोडणारे दोघं तोवर पकडले गेले होते, शेजारच्या जिल्ह्यातले, लोवेलचा त्यात काडीचा संबंध नव्हता. मग रसेल दारात आलाच कशाला? तो आला नसता तर हे सगळं झालंच नसतं. ते वाक्य खोटं होतं, पण न्याय त्याच्याच बाजूला होता, असं तिला कधीकधी वाटायचं.

* * *

कोर्टात आधी रसेल उभा राहिला. सिग्नी मनातून आशा धरून होती की तो काहीतरी वाढवून सांगेल. म्हणजे तिलाही कमी करून सांगता येईल. पण रसेलनं थंडीपासून अर्ध्या कपापर्यंत सगळं जसंच्या तसं सांगितलं. पहिल्यांदा नको म्हणालो, दुसऱ्यांदा नको म्हणालो, हेही.

"तुम्ही जबरदस्तीनं आत शिरलात?" सरकारी वकिलानं विचारलं.

"मी बूट काढले होते, साहेब."

मागच्या बाकांवर लोक हसले. न्यायाधीश एकबर्गही ओठांतल्या ओठांत हसले.

मग सिग्नीचं नाव पुकारलं. आर्विड इंगाला घेऊन बसले होते. कंप सुटलेल्या हातावर पोर आपोआप झोके खात होती. सिग्नीनं शपथ घेतली. लोवेल समोर बसला होता, लग्नातला कोट घालून. खांद्यात तो आता घट्ट होत होता.

पॉलानं विचारलं, "तुम्ही टॉफ्टना कॉफी विचारलीत?"

"हो."

पॉला क्षणभर थांबली. तेवढ्या जागेत ते लहानसं वाक्य सहज मावलं असतं. एकदाच विचारली. एवढे दोन शब्द. सिग्नीनं रसेलकडे पाहिलं. तो हातातल्या टोपीची कड फिरवत होता. आत्ता खोटं बोललं, तर उद्या हा माणूस गावात खोटारडा ठरणार, आणि चर्चमध्ये तो मागच्याच बाकावर बसणार.

"तीनदा," ती म्हणाली.

पॉलानं डोळे मिटून उघडले. "तो आत यावा असं तुम्हाला वाटत होतं?"

"नाही."

"मग तिसऱ्यांदा का विचारलंत?"

इथं सिग्नीनं न्यायाधीशांकडे पाहिलं. एकबर्ग त्याच जिल्ह्यातले. त्यांच्या आईच्या हातचा वेलदोड्याचा गोड पाव चर्चच्या तळघरातल्या जेवणात तिनं लहानपणी खाल्ला होता. ह्या माणसाला कळेल, तिला वाटलं. पॉलाला कळत नाही, ती बाहेरची आहे. ह्यांना खरं सांगितलं, सगळं सांगितलं, तर ह्यांना कळेलच. तिनं महिनाभर जे मनात दाबलं होतं ते वर आलं.

"कारण दोनदा विचारून थांबले असते तर त्यांना संशय आला असता," ती म्हणाली. "मी भ्याले होते. साहेब, तुम्हाला माहितीये आपल्याकडे कसं असतं. ते बोलावणं नव्हतं. मला नाही म्हणायला जागाच नव्हती."

एकबर्गनी हनुवटीला हात लावला. त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसत होतं, आणि तेवढ्या क्षणापुरती सिग्नी सुटली.

सरकारी वकील हळू उठला. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही.

"कसला संशय आला असता, बाई?"

सिग्नीनं लोवेलकडे पाहिलं.

"तुम्ही कशाला भ्यालात?"

पॉला उठून हरकत घ्यायला लागली. एकबर्ग म्हणाले की भीतीचा विषय साक्षीदारानंच काढला आहे, आता तो विचारणारच. मग सिग्नीकडे वाकून म्हणाले, "तुझ्या स्वतःच्या अंगाशी येईल असं वाटत असेल, तर उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तो तुझा हक्क आहे. समजलं ना?"

समजलं होतं. पण गप्प राहणं म्हणजेही बोलणंच होतं. अख्खं कोर्ट वाट बघत होतं, आणि तिच्या प्रत्येक गप्प क्षणाचा अर्थ प्रत्येकाला लागत होता. लोवेलनं मान खाली घातली.

"टेबलावर बंदूक होती," ती म्हणाली.

"तिथं कुणी ठेवली होती?"

"लोवेलनं. बाबांसाठी. दुर्बीण नीट करत होता." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "बाबांचा हात थरथरतो हो."

पहिली वाट अजून न्यायाधीशांच्या हातात होती. दुसरी तिनं स्वतः बुजवली. आर्विडना उभं राहण्याची गरजच उरली नाही.

निकाल पुढच्या आठवड्यात आला. एकबर्ग कागदावरून वाचत होते, पण एका जागी त्यांनी कागद खाली ठेवला.

"तिसरा आग्रह म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको," ते म्हणाले. "ह्या बाईंना तो माणूस घरात नको होता, ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या भ्याल्या होत्या, ह्यावरही. पण ती भीती टॉफ्टनं घातलेली नव्हती. त्यानं धमकावलं नाही, फसवलं नाही, हटून बसला नाही. दारातल्या पोलिसानं शब्द ऐकावेत, एवढंच कायदा त्याला सांगतो. मन वाच असं मी आज त्याला सांगितलं, तर उद्या तो कुणाच्याही दारात उभा राहून हवं ते वाचेल. तोंडानं नाही म्हणणाऱ्याच्या मनातही त्याला हो दिसेल. तेव्हा ह्या घराचं रक्षण व्हावं म्हणून घातलेली रेघ मीच पुसल्यासारखं होईल. टॉफ्टचं आत येणं कायद्याला धरून होतं."

सिग्नीला त्यातला शब्द न् शब्द पटला. ते सगळ्यात वाईट होतं. चिडायला कुणी सापडेना.

शिक्षा सुनावताना ते एवढंच म्हणाले की विधिमंडळानं आकडा ठरवून दिला आहे आणि माझ्या हातात काही ठेवलेलं नाही. पाच वर्षं.

* * *

तुरुंग दक्षिणेला होता, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सिग्नी पहिल्यांदा गेली तेव्हा तळ्यावरचं बर्फ तडकायला लागलं होतं. इंगा चालायला लागली होती. गाडीत मागे बसून ती सगळा रस्ताभर एकच शब्द म्हणत होती, "जा, जा, जा."

लोवेल बारीक झाला होता. टेबलाच्या पलीकडे बसून त्यानं विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"भट्टी?"

"बरी चालतेय."

"लाकडं पुरली?"

"उरलीत."

इंगा आईच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. लोवेलनं "ए मुंगळे" म्हणून हाक मारली, तसा तिनं भोकाड पसरलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला. "जबरदस्ती नको करूस."

"बोल ना तू," सिग्नी म्हणाली. "जे बोलायचंय ते बोल."

"काय बोलू?"

"लोवेल, मी तिथं तोंड उघडलं नसतं तर तू घरी असतास. तुला माहितीये, मला माहितीये. बोल."

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "आधी वाटायचं, तू खोटं बोलली असतीस तर बरं," तो शेवटी म्हणाला. "आता तेवढं नाही वाटत. पण शेवटचं ते, दुर्बिणीचं. ते कुणी मागितलं नव्हतं गं. नुसतं गप्प बसायचं होतं. न्यायाधीश स्वतः सांगत होता, गप्प बस म्हणून."

"मला नाही बसता आलं."

"हो. तेच म्हणतो मी." त्याचा आवाज चढला नाही. "रोज सकाळी उठलो की मला तेवढंच आठवतं. तुझ्यावर राग येतो. दुपारपर्यंत जातो. सकाळी परत येतो."

सिग्नीनं मान हलवली. हे ऐकायलाच ती आली होती.

"आणखी एक," लोवेल म्हणाला. "हिला आणू नकोस इथं. अशी रडते. मोठी झाली की तिला हेच आठवेल. मी सुटेन तेव्हा बघू."

"सुटशील तेव्हा ती शाळेत जात असेल."

"असू दे."

"नाही," सिग्नी म्हणाली. "माझ्यावर राग धर, हवा तेवढा धर. पण दर महिन्याला आणणार मी तिला. रडली तरी आणणार."

"सिग्नी."

"नाही म्हटलं ना."

लोवेलनं टेबलावर हात ठेवला आणि एक बोट पुढे सरकवलं, पोरीपासून जरा दूरच. इंगाचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. तिनं आईच्या खांद्यावरून मान वळवली आणि त्या बोटाकडे पाहिलं. पहारेकऱ्यानं वेळ झाल्याचं सांगितलं, खुर्च्या सरकल्या, तरी ती बघतच होती. हात मात्र तिनं आईच्या कॉलरमधून सोडवला नाही.